मावशी, मी कार्टूनमधे बोलायले!

*घरातल्या बडबड्या पोराच्या आवाजाला काम मिळू शकतं, पैसेही मिळू शकतात. पण माइक ऑन करण्याआधी मोठ्यांचा होमवर्क बराच आहे...*

रविवारी सकाळी साडेसातला मोबाइल वाजला तर आपण काय करतो? कट करतो! मीही दोनदा केला. तिसऱ्यांदा वैतागून उचलला, तर पलीकडे माझी आठ वर्षांची भाची. "मावशी, मी आता कार्टूनमधे बोलायले! पैसेपण मिळणारेत!" झोप खाड्कन उडाली.

माझी ताई राहते वाळूजला, बजाजनगरमधे. दाजी एमआयडीसीत नोकरीला. १९८५ मधे बजाजचा प्लांट इथे सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला बघता बघता एक अख्खं गाव उभं राहिलं. बजाजनगर, रांजणगाव, सिडको महानगर... इथला दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ असा चालत नाही. फर्स्ट, सेकंड, थर्ड शिफ्ट असा चालतो. अशा घरात 'व्हॉइसओव्हर' हा शब्द पहिल्यांदा आला, तेव्हा ताईला तो ओव्हरटाइमचाच कुणी भाऊ वाटला!

झालं होतं असं, की शाळेच्या गॅदरिंगमधे भाचीने नकला केल्या. भाजीवाली, पीटीचे सर, बसचा कंडक्टर, सगळे एकदम परफेक्ट. ताईने व्हिडिओ स्टेटसला ठेवला. तो फिरत फिरत कुणाच्या तरी ओळखीच्या माणसापर्यंत गेला. मग मोठ्या शहरातल्या एका स्टुडिओतून फोन. लहान मुलांच्या अ‍ॅपसाठी मराठी गोष्टी हव्यात, चाळीस गोष्टी, आवाज लहान मुलीचाच हवा, घरूनच रेकॉर्ड करून पाठवा. एकरकमी मिळणारा आकडा ऐकून दाजी म्हणाले, "दोन महिन्यांचा ओव्हरटाइम झाला की हा!"

आणि ताई मला म्हणाली, "तू मास कॉम केलंयस ना, मग बघ की जरा." म्हणजे आली का पंचाईत! स्कूटी काढली, नगर नाका ओलांडला आणि वाळूज गाठलं.

छोट्यांचं तोंड, मोठ्यांचा आवाज

आधी एक गुपित सांगते. टीव्हीवरच्या कार्टूनमधलं पोर बोलतं, तेव्हा आत बहुतेकदा मोठं माणूस असतं. 'द सिम्पसन्स'मधला व्रात्य बार्ट हा नॅन्सी कार्टराइट या बाईंचा आवाज. आपल्याकडे नॉडी आणि निंजा हातोडीला हिंदीत बोलतं केलं ते आपल्या मराठमोळ्या मेघना एरंडेने. कारण सोपं आहे. मोठ्या कलाकाराला शाळा नसते, परीक्षा नसते, तो सहा तास सलग बसू शकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याचा आवाज फुटत नाही. मुलाचा आवाज साधारण बारा ते पंधराच्या दरम्यान बदलतो. मुलींचाही थोडा बदलतो. अर्धी सीरियल झाल्यावर हिरोचा आवाज अचानक घोगरा झाला, तर निर्मात्याने करायचं काय?

मग खरं मूल कधी बोलावतात? जेव्हा खरेपणा हवा असतो तेव्हा. मुलाचा श्वास वेगळ्या जागी तुटतो, त्याचं हसू मधेच वाक्यात घुसतं. मोठ्या माणसाला ते जमवायला वर्षं लागतात. १९६५ मधे अमेरिकेत चार्ली ब्राउनचा ख्रिसमस स्पेशल कार्यक्रम बनला, तेव्हा त्यात खरी मुलं घेतली होती. त्यातल्या सॅलीचं काम करणारी मुलगी इतकी लहान होती, की तिला वाचताच येत नव्हतं! एकेक वाक्य कानात सांगायचं आणि तिने म्हणायचं. तो कार्यक्रम लोक अजून बघतात. पेपा पिग तर सगळ्यांना माहितीच आहे. हार्ली बर्ड या ब्रिटिश मुलीने २००७ मधे पेपाचा आवाज द्यायला सुरुवात केली, तेव्हा ती पाच वर्षांची होती. २०११ मधे तिला त्यासाठी बाफ्टा मिळालं. २०२० मधे तिने पेपाचा निरोप घेतला. हिंदीतला डोरेमॉन झालेली सोनल कौशलही शाळकरी वयातच त्या माइकसमोर उभी राहिली.

म्हणजे रस्ता आहे. पण तो अरुंद आहे आणि त्याला एक्स्पायरी डेट आहे. घरातल्या मोठ्यांनी हे आधी स्वतःला सांगायचं. आठ वर्षांच्या मुलीचं 'करिअर' वगैरे काही नसतं. तिचा छंद असतो. त्याला कधीतरी काम मिळतं, इतकंच.

वाकळेतला स्टुडिओ

ताईला वाटत होतं, आता महागडा माइक आणावा लागणार. मी म्हटलं, "ताई, थांब. आधी पोरगी पंधरा मिनिटं एका जागी बसते का ते बघू!"

सुरुवातीला मोबाइल पुरतो. खरी अडचण माइकची नसते, खोलीची असते. मोकळ्या भिंतींवर आवाज आपटतो आणि बाथरूममधे बोलल्यासारखं ऐकू येतं. आम्ही कपाटाचं दार उघडलं, समोर कपडे, मागे दोरीवर आज्जीच्या दोन वाकळी. झाला स्टुडिओ! फॅन बंद, फ्रिज तेवढ्यापुरता बंद, मोबाइल फ्लाइट मोडवर. तोंडापासून एक वीत अंतर आणि मोबाइल अगदी समोर न धरता किंचित बाजूला. नाहीतर 'प', 'फ', 'भ' आले की फाट-फाट असा वाऱ्याचा आवाज येतो. राहता राहिला बाहेरचा गोंगाट. शिफ्ट सुटली की कंपन्यांच्या बस, भाजीची गाडी, शेजारचा कुकर... म्हणून दुपारची दोन शिफ्टमधली शांत वेळ ठरवली. व्यावसायिक कामात बहुतेकदा वेव्ह फाइल मागतात. ती सोय मोबाइलच्या साध्या अ‍ॅपमधेही असते. माइक वगैरे नंतर, पोरीचा उत्साह सहा महिने टिकला तर!

आता वाचायचं काय? बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. सरावाला यासारखं दुसरं काही नाही. रेकॉर्डिंग कुठे टाकायचं असेल तर मात्र कॉपीराइटचा प्रश्न येतो. तिथे प्रथम बुक्सचं 'स्टोरीविव्हर' कामाला येतं. २०१५ मधे सुरू झालेल्या या साइटवर मराठी गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत. लेखक-चित्रकाराचं नाव देऊन त्या वापरता येतात.

रोज दहा-पंधरा मिनिटं. त्याहून जास्त नाही. एकच वाक्य तीन मूडमधे म्हणायचं, राग आलाय तसं, झोप आलीय तसं, गुपित सांगतोय तसं. मग टीव्हीचा आवाज बंद करून कार्टूनच्या तोंडाकडे बघत आपला डायलॉग बसवायचा खेळ. डबिंगचं मर्म इथेच आहे. 'प', 'ब', 'म' म्हणताना ओठ मिटतात. पडद्यावर ओठ मिटले त्या क्षणी आपल्या वाक्यातही तसंच अक्षर यावं लागतं. भाचीला हे कळलं आणि ती अर्धा तास आरशासमोर 'मामा-पापा-बाबा' करत बसली. धम्माल!

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळायची. किंचाळायचं नाही. राक्षस, भूत, रडारड असले आवाज लागोपाठ काढले तर कोवळा घसा बसतो. मधे मधे पाणी प्यायचं आणि सर्दी असेल तर चक्क सुट्टी.

"शुद्ध बोल ना!"

स्टुडिओने सॅम्पल मागितलं होतं. ताईने पोरीला बसवलं आणि सुरू झाल्या सूचना. 'बोलायले' नाही, 'बोलते आहे' म्हण. हळू. गोड. हसून. तीन टेकनंतर माझी चुरचुरीत भाची रेल्वे स्टेशनवरच्या अनाउन्समेंटसारखी बोलायला लागली!

ताईचं चुकलं असं नाही. आपण मराठवाड्यातली माणसं पुण्या-मुंबईत इंटरव्ह्यूला जाताना आवाजाला इस्त्री करतोच की! पण मुलाच्या बाबतीत ही घाई महागात पडते. न, ण, ळ, ल स्पष्ट हवेत, च-ज-झचे दोन्ही उच्चार यायला हवेत, हे खरं. ती उच्चाराची स्वच्छता झाली. पण बोलीचा सूर पुसून टाकणं ही वेगळी गोष्ट. ज्या नकलांमुळे फोन आला, त्या नकला कुठल्या भाषेत होत्या? बजाजनगरच्याच ना! पोराला दोन कप्पे शिकवायचे, पुस्तकातली भाषा आणि घरची भाषा. दोन्ही आपल्याच. स्क्रिप्ट मागेल तो कप्पा उघडायचा.

आणि हे शिकायला लगेच अंधेरी-गोरेगाव गाठायची गरज नाही. वाळूजहून शहर बारा-पंधरा किलोमीटर. जालना रोडवर आकाशवाणीचं केंद्र आहे, तिथे मुलांच्या कार्यक्रमांबद्दल जाऊन विचारता येतं. विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, तिथून शिकून बाहेर पडलेली कितीतरी मंडळी शहरात नाटक करतात, शिबिरं घेतात. राज्य बालनाट्य स्पर्धा आहेत. नाटकात पोर माइकशिवाय बोलायला शिकतं, समोरच्याचं ऐकायला शिकतं. आवाजाच्या कामात अर्धं काम ऐकण्याचंच आहे. शिवाय आता ऑडिओबुक्स आहेत. स्टोरीटेल २०१७ मधे भारतात आलं तेच मराठी घेऊन. म्हणजे मराठी आवाजाला गिऱ्हाईक आहे. घाई करायची गरज नाही.

"आवाजच विकत घ्यायलेत की हे!"

सॅम्पल पसंत पडलं. दोन दिवसांत मेलवर करार आला. तीन पानं, इंग्लिशमधे, खाली सहीची जागा. दाजी सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला आले, तेव्हा मी आणि ताई स्वयंपाकघरात ती पानं पसरून बसलो होतो.

पहिल्या पानावर सगळं गोड गोड. दुसऱ्या पानावर मात्र एक वाक्य. हा आवाज सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी वापरता येईल. त्याच्या पुढचं वाक्य त्याहून भारी. कंपनीच्या तंत्रज्ञानाच्या विकासासाठीही तो वापरता येईल. मी सोप्या मराठीत सांगितलं. म्हणजे चाळीस गोष्टींवर कॉम्प्युटरला भाचीसारखं बोलायला शिकवायचं. मग एक्केचाळीसावी गोष्ट, शंभरावी गोष्ट, बिस्किटाची जाहिरात, काहीही तो कॉम्प्युटर तिच्या आवाजात बोलणार. तिला न विचारता. ती पंचवीस वर्षांची झाली तरी.

दाजी दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "हे काम मागत नाहीत पोरीला. आवाजच विकत घ्यायलेत की हे!"

ही भीती हवेतली नाही. एआयने आवाजाची नक्कल केल्याच्या प्रकरणी अरिजित सिंगला २०२४ मधे मुंबई हायकोर्टात जावं लागलं आणि कोर्टाने त्याला संरक्षण दिलं. २०२५ मधे आशा भोसले यांनाही त्याच कोर्टाने असंच संरक्षण दिलं. एवढ्या मोठ्या कलावंतांना दाद मागावी लागते, तर बजाजनगरच्या पोरीने कुठे जायचं? तिच्यासाठी कोर्ट म्हणजे सही करण्याआधीचा तो स्वयंपाकघरातला अर्धा तास.

मग मी कायदा काढला. आपल्याला वाटतं बालकामगार कायदा म्हणजे हॉटेल आणि वीटभट्टी. पण २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना काम करायला बंदी घातली, तेव्हा बालकलाकारांना त्यातून वाट ठेवली, आणि २०१७ च्या नियमांनी त्या वाटेला कठडे लावले. मुलाकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही. विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. शाळा बुडता कामा नये. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यायची, हमीपत्र द्यायचं, पालकांची संमती जोडायची. आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध तर काहीच नाही.

मी स्टुडिओला फोन लावून परवानगीचं विचारलं. पलीकडचा माणूस हसला. "अहो मॅडम, घरूनच तर रेकॉर्ड करायचंय, परमिशन कसली?" नियमांच्या यादीत रेडिओ आणि इतर माध्यमांतलं कामही आहे, हे त्याच्या गावीच नव्हतं. घरून रेकॉर्ड केलं म्हणून आठ वर्षांचं मूल अठरा वर्षांचं होत नाही!

पैसा कुणाचा?

आता नाजूक विषय. दोन महिन्यांचा ओव्हरटाइम... ताईच्या डोक्यात फ्रिजचा हप्ता फिरत होता, आणि त्यात लपवण्यासारखं काय आहे? पण तो पैसा कुणाचा?

१९२१ मधे चार्ली चॅप्लिनच्या 'द किड'मधला तो गोड पोरगा आठवतो? जॅकी कूगन. त्याने लहानपणी लाखो डॉलर्स कमावले. मोठा झाल्यावर बघतो तर आईने आणि सावत्र वडिलांनी बहुतेक सगळे उडवलेले. तो १९३८ मधे कोर्टात गेला, हाती थोडेच आले. पण त्यातून १९३९ मधे कॅलिफोर्नियात 'कूगन कायदा' झाला. तिथे आज मुलाच्या कमाईतला १५ टक्के हिस्सा बाजूला ठेवावा लागतो. आपल्या २०१७ च्या नियमांत तो किमान २० टक्के आहे. थेट मुलाच्या नावावर, राष्ट्रीयीकृत बँकेत फिक्स्ड डिपॉझिट, मूल सज्ञान झाल्यावर त्याच्या हातात.

किमान २० टक्के म्हणजे २० च टक्के असं नाही. माझा हिशेब असा, की प्रवासाचा वगैरे खर्च वजा करून बाकी सगळं पोराच्या खात्यात टाकावं. मुलाच्या नावाने पॅन कार्डही निघतं. आणि इन्कम टॅक्सवाल्यांनाही हा फरक कळतो. मुलाने स्वतःच्या कलेने कमावलेलं उत्पन्न आई-वडिलांच्या उत्पन्नात मिळवत नाहीत. त्या पैशावरचं व्याज मात्र मिळवतात. एकदा सीएला विचारून घ्या.

'नको' म्हणायचा हक्क

शेवटी पोरीलाच विचारलं. "तुला करायचंय का?" ती म्हणाली, "हो." मग मी विचारलं, "चाळीस गोष्टी. रोज शाळेतून आल्यावर. खेळायला जायच्या वेळी. करायचंय?" ती विचारात पडली. "दहा चालतील का?"

बघा, आठ वर्षांच्या पोरीला आपल्यापेक्षा बरं निगोशिएट करता येतं! आपण ऑफिसात बॉससमोर 'हो सर, होईल सर' करत बसतो.

आम्ही स्टुडिओला लिहिलं. दहा गोष्टी, फक्त या अ‍ॅपसाठी, दोन वर्षांसाठी. एआय ट्रेनिंगला आणि आवाजाची नक्कल करायला स्पष्ट मनाई. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची प्रत हवी. वीस टक्के थेट तिच्या एफडीत. उत्तर आलं नाही. आठवड्याने फोन केला, तर 'आम्ही दुसरा आवाज घेतला.'

वाईट वाटलं? वाटलं. ताई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. दाजी मात्र म्हणाले, "जाऊ दे. ओव्हरटाइम मी करतो. तिला शाळा करू दे."

सही करण्याआधी एवढं बघा

- 'रजिस्ट्रेशन फी', 'पोर्टफोलिओ फी', 'कम्पल्सरी ट्रेनिंग' मागितलं की नमस्कार करून बाहेर पडा. काम देणारा पैसे देतो, मागत नाही.
- ऑडिशनला एखादं पान पुरतं. दहा पानांची 'ऑडिशन' म्हणजे फुकटात करून घेतलेलं काम.
- डेमो मिनिटभराचा पुरे. दोन-तीन वेगळे मूड, मागे म्युझिक नको. मुलाचं पूर्ण नाव, शाळा, पत्ता त्यात बोलू नका.
- अज्ञान मुलाचा करार कायद्याने टिकत नाही. सही तुमची असते, जबाबदारीही तुमचीच. इंग्लिश कळत नसेल तर वकिलाकडून समजून घ्या.
- आवाज कुठे वापरणार, किती काळ वापरणार, दुरुस्तीचं रेकॉर्डिंग फुकट की पैसे देऊन आणि एआयचं काय, ही चार उत्तरं कागदावर हवीत.
- रेकॉर्डिंगच्या वेळी आई-वडिलांपैकी कुणीतरी तिथेच हवं. 'पालकांनी बाहेर थांबा' म्हणणाऱ्या स्टुडिओत मूलही थांबत नाही.
- कंटाळा आला की बंद. त्या दिवसाचं काम उद्या होतं. मुलाचा रस एकदा गेला की परत आणता येत नाही.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. भाचीला अजून पैशाचं काम मिळालेलं नाही. उन्हाळ्यात ती नाट्यशिबिराला जाऊन आली. तिथे तिने झाडाचं काम केलं, एक वाक्य होतं आणि तिने ते सात प्रकारे म्हणून दाखवलं. वाकळेतला स्टुडिओ चालू आहे. दर आठवड्याला एक गोष्ट रेकॉर्ड होते आणि दाजींच्या मोबाइलवर जाते. थर्ड शिफ्टच्या चहाच्या ब्रेकमधे ते इअरफोन लावून ऐकतात.

परवा गेले होते, तर तिने विचारलं, "मावशी, माझा आवाज मोठेपणी बदलणार का?"

"बदलणार."

"मग हा सांभाळून ठेव. पप्पाच्या मोबाइलची मेमरी सारखी फुल होते."

मी पेनड्राइव्ह आणलाय.